एए मिटिंगमधून हसण्याचा आवाज येतो, हे नॉर्मल आहे का?

नाशिकरोडची
नमस्कार, कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. माझे मिस्टर दोन महिन्यांपासून एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ग्रुपच्या, मिटिंगला जातायत, दृष्ट नको लागायला पण तेव्हापासून एकदाही घेतलेली नाही. परवा जोराचा पाऊस होता म्हणून छत्री घेऊन मी त्यांना आणायला गेले, दार बंद होतं, बाहेर चपलांपाशी उभी राहिले तर आतून हसण्याचा आवाज, आणि साधं नाही हो, पोट धरून हसतात तसं. मला तिथेच रडू आलं. बारा वर्षं आमच्या घरात काय चाललंय ते मला माहिती, मंगळसूत्र गहाण पडलं, पोराच्या गॅदरिंगला हे कसे आले होते ते अख्ख्या शाळेने पाहिलं, आणि इथे बसून हसताय कशाला? विचारलं तर म्हणे आतलं आतच ठेवायचं असतं. मला भांडायचं नाहीये, खरंच समजून घ्यायचंय. हसण्यासारखं काय असतं तिथे?

बांधावरचा
ताई, तुम्हाला रडू आलं ते बरोबरच आहे, आधी ते सांगतो. मी नऊ वर्षं जातोय. दुसऱ्याने मिटिंगमध्ये सांगितलेलं, म्हणजे शेअरिंग, बाहेर काढायचं नाही हे मिस्टरांनी खरं सांगितलं, म्हणून माझंच सांगतो, आणि यात जे दोघं येतील त्यांना विचारून लिहितोय.

दिंडोरी साइडला आमची द्राक्षबाग आहे. सुटून सव्वा वर्ष झालं होतं, ऑक्टोबर छाटणीच्या आधी शेडमधल्या खताच्या गोण्या हलवत होतो तर मागे एक क्वार्टर, सील पण फोडलेलं नाही. कधी ठेवली काही आठवेना. हातपाय गार पडले. सकाळी सहाला स्पॉन्सरला, म्हणजे ग्रुपमधले मला सांभाळून घेणारे जुने मेंबर त्यांना, फोन लावला, म्हटलं सापडली. ते म्हणाले कोण सापडली? म्हटलं क्वार्टर. तर म्हणे हात लावू नको, तू बांधावर जाऊन बस, मी निघालो. तेवढ्या सकाळी नाशिकहून स्कूटरवर आले, मागे ग्रुपमधल्या अजून एकाला बसवून. बाटली त्यांनीच ओतली. मी थरथरत होतो तर दुसरे काका म्हणाले, अरे मी कुलरमध्ये लपवायचो, एप्रिलमध्ये बायकोने पाणी भरायला जाळी काढली आणि तिच्या हातात तीच आली. स्पॉन्सर म्हणाले माझी गव्हाच्या कोठीत असायची, मला वाटायचं घरात कुणाला पत्ता नाही, नंतर कळलं की बायको दळण काढताना ती बाजूला ठेवायची आणि परत होती तशी पुरायची. आम्ही तिघं त्या बांधावर इतके हसलो की गडी बघायला आला. मग मिसळ खायला गेलो.

ती क्वार्टर सापडली तेव्हा मला वाटलं होतं, एवढा हलकट माणूस जगात मी एकटाच. तसं नाही हे त्या हसण्यात कळलं, आणि मी त्या दिवशी प्यायलो नाही. तुमच्या घराला कुणी हसत नाही ताई. कुणी घसरून परत आलं ना, तर तेव्हा कुणाच्या तोंडावर हसू नसतं, खुर्ची सरकवतात आणि चहा देतात.

मखमलाबादकर
वरच्या दादांनी सगळं सांगितलंच आहे. फक्त एक भर, एए १९३५ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या अ‍ॅक्रनमध्ये दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केलं, आणि तिकडचा एक जुना किस्सा आमच्या ग्रुपमध्ये पण सांगतात. एका गावातल्या ग्रुपने मोठ्ठं सेंटर काढायचं ठरवलं, ६१ नियम लिहून न्यूयॉर्कच्या ऑफिसला पाठवले, आणि सगळंच कोसळलं. मग ज्याने हा घाट घातला होता त्यानेच एक कार्ड पाठवलं, त्यावर नियम नंबर ६२, स्वतःला एवढं सिरियसली घेऊ नका. आमच्याकडे कुणी फार तापला की मागून कुणीतरी हळूच म्हणतं, बासष्ट.

लेक_सिडको
ताई मी तुमच्या पोराच्या जागेवर होते म्हणून लिहितेय. पप्पांना दारू सोडून एक वर्ष पूर्ण झालं तेव्हा ग्रुपमध्ये केक कापायचा होता, आमच्याकडे त्याला बर्थडेच म्हणतात. मी केकवाल्याला फोनवर सांगितलं पहिला वाढदिवस आहे. तो म्हणाला मुलगा की मुलगी? मी घाईत होते, म्हटलं मुलगा. आणायला गेले तर केकवर निळे बूट, दुधाची बाटली आणि 'आमचं बाळ एक वर्षाचं झालं'. बदलायला वेळ नव्हता, तसाच नेला. पप्पा ५४ वर्षांचे. खोलीत आधी एकदम शांतता आणि मग जे काही झालं ते लिहिता येणार नाही, आई तर भिंतीला टेकून हसत होती. पप्पांनी पहिला घास मला भरवला तेव्हा ते रडत पण होते.

आणि तुम्ही स्वतःसाठी पण जा ना. घरच्यांसाठी अल-अनॉनची वेगळी मिटिंग असते, १९५१ मध्ये एए सुरू करणाऱ्या दोघांपैकी बिल यांच्या बायकोनेच, लोइसने, अजून एकीच्या जोडीने ती सुरू केली. आई जायला लागली आणि तिची झोप परत आली. एएची ओपन मिटिंग असते तिला पण घरचे बसू शकतात.

नाशिकरोडची
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. दादा तुमचं ते कुलरचं वाचून मी उठले आणि आमच्या कुलरची जाळी काढून बघितली, सवयच आहे काय करू. काही नव्हतं. मागे वळले तर हे दारात उभे, म्हणाले तिथे नाही गं, माळ्यावर तुझ्या पापडाच्या डब्यात असायची, मिटिंगला जायला लागलो त्याच दिवशी काढली. मी म्हटलं म्हणून डबा इतका जड लागायचा होय. आणि मग आम्ही दोघंही हसलो, पोरगा आतून विचारतोय काय झालं काय झालं.

ओपन मिटिंग कधी असते ते आज यांना विचारते.