पुस्तकांची बॅग : शुक्रवार रात्रीच्या आत ठरवा प्लीज

प्रेषक : अनघा
मंडळी, मी अजून सांगलीतच आहे, शनिवारी पहाटे अमेरिकेला परत निघतेय. आपल्या रविवारच्या मराठी शाळेच्या पुस्तकांसाठी एक अख्खी बॅग रिकामी ठेवलीय, २३ किलो, वर एक ग्रॅम चालणार नाही कारण दुसऱ्या बॅगेत आईने हळद, भडंग आणि तासगावचे बेदाणे भरलेत आणि ती ते काढू देत नाहीये. आज हरभट रोडला यादी घेऊन गेले होते. वसंतकाकांचा चरित्रांचा बारा खंडांचा संच दुकानदाराने काट्यावर ठेवला तर एकटा साडेआठ किलो! तो घेतला तर शुभदाच्या यादीतली निम्मी पुस्तकं राहतात. न घेतला तर काकांना काय सांगू? उद्या रात्री नऊपर्यंत दुकान उघडं आहे.

प्रेषक : वसंतकाका
अनघा, संच यायलाच हवा. त्याचे पैसे मी मंडळाच्या खात्यात वेगळे दिलेत ते याच कामासाठी. आपली मुलं इथल्या शाळेत लिंकन शिकतात, चांगलंच आहे, पण कर्मवीर भाऊराव पाटील त्यांना कोण सांगणार? १९१९ साली काल्यासारख्या गावात रयत शिक्षण संस्था काढली त्या माणसाने, जातपात न बघता पोरं एका पंगतीला बसवली. मी सातारचा, रयतच्याच शाळेत शिकलो, नाहीतर आज तुम्हाला हा मेल लिहिला नसता. गोष्टीची पातळ पुस्तकं कुठेही मिळतात.

प्रेषक : शुभदा
काका, तुमच्या भावनेबद्दल शंकाच नाही, पण वर्गात मी असते. दहा वर्षांचा मुलगा इंग्रजीत जाडजूड कादंबरी दोन दिवसांत संपवतो आणि मराठीत ‘प्रार्थना’ शब्दापाशी अडकतो, र वरचा की खालचा करत बसतो. त्याच्या हातात बारीक टाइपाचं चरित्र दिलं की पहिल्या परिच्छेदात तो हरतो आणि पुढच्या रविवारी वाचायलाच नको म्हणतो. आणि एक, पुस्तकांवरचे ते वयाचे रंगीत स्टिकर काढा हो. हिरवा म्हणजे ५ ते ७ वर्षं हे आता सगळ्यांना पाठ झालंय. मागच्या महिन्यात एका मुलीला हिरव्या स्टिकरचं माकडाचं पुस्तक हवं होतं, तिने ते स्वेटशर्टच्या आत लपवून नेलं, मैत्रिणींना दिसू नये म्हणून. मला फार वाईट वाटलं.

प्रेषक : मंदार
स्टिकरचं समितीत ठरलंय, परस्पर कोणी काढू नयेत ही विनंती, कपाटाची सगळी यादी त्यावर बेतलेली आहे आणि ती मी दोन उन्हाळे बसून केलीय. बदल हवा असेल तर मीटिंगमध्ये आणा, मी ऐकेन. वजनाचं म्हणाल तर कशाला एवढं वाहून आणायचं? बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट आहेत. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, तिथे मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि छापून वाटायलाही परवानगी आहे. टॅब्लेटवर वाचतील मुलं.

प्रेषक : रोहित
टॅब्लेटला माझा विरोध. आमच्याकडे टॅब्लेट उघडला की तीन मिनिटांत गेम सुरू होतो. छापून आणा, मी ऑफिसजवळच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून देतो, खर्च माझा. मंदार, कपाटाची चावी पण दोघांकडे असू दे, गेल्या वेळी तू गावाला होतास आणि मुलं पुस्तकं न बदलताच घरी गेली.

प्रेषक : सुनंदामावशी (सांगली)
नमस्कार. मुलीकडे आले होते तेव्हापासून या लिस्टवर आहे, नुसती वाचते. आज अनघा घरी येऊन विचारत होती म्हणून लिहितेय. सगळी नोकरी वाचनालयाच्या बालविभागात गेली, त्यामुळे लांबलं तर समजून घ्या.

वसंतराव, संच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी डकवलेली असायची. मूल काय बोलतं यापेक्षा मी ती चिठ्ठी बघायचे, कारण बाईंसमोर सगळीच मुलं ‘आवडलं’ म्हणतात. देणगीतून आलेल्या जाड संचांच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं कोऱ्या. आणि एखादं चोवीस पानी, कुत्रा हरवल्याचं, नाहीतर डबा सांडला म्हणून झालेल्या भांडणाचं पुस्तक, त्याला तारखांची दुसरी चिठ्ठी जोडावी लागायची. भुताच्या गोष्टींचंही तेच. पालक येऊन सांगायचे, बाई हे काढून ठेवा. मी कधी काढल्या नाहीत. भीतीने का होईना, मूल पुढचं पान उलटतं ना, मग उलटू दे.

शुभदा म्हणते तो मुलगा मला चांगला कळतो. मराठी त्याचं पहिलीचं, पण डोकं दहा वर्षांचं. त्याला अक्षरओळखीचं पुस्तक दिलंत तर ते त्याच्या मनाला लागणार. त्याला विषय त्याच्या वयाचा हवा आणि वाक्यं आखूड. प्राणी, अवकाश, शोध, कोडी, विनोद, चित्रकथा. चित्रकथेत एका फुग्यात पाच-सहा शब्द असतात, तेवढा घास त्याला जातो. अशी पुस्तकं मराठीत कमीच, म्हणून दिसेल ते उचला. अनघा, दुकानात निवडताना मधलंच पान उघड आणि बघ, जोडाक्षरं किती, ओळींमध्ये जागा किती, चित्र मजकुराच्या शेजारीच आहे की दोन पानं पुढे. अशी पातळ पुस्तकं शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरतात, म्हणजे संचाच्या वजनात ऐंशीच्या आसपास येतील. ऐंशी वेगवेगळी घेऊ नकोस मात्र. चांगलं निघेल त्याच्या चार-चार प्रती घे. चार मुलांनी एकच पुस्तक वाचलं की ती त्यावर भांडतात, आणि भांडणं मराठीत व्हावीत यासाठीच तर शाळा आहे.

गुळगुळीत कागदाला भुलू नका. त्यावर खडूमातीचा थर असतो म्हणून तो जड, आणि ट्यूबलाइटखाली चमकतो, मूल मान वाकडी करून वाचतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये इथे आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी तेव्हा निवृत्त झालेले होते तरी पाणी ओसरल्यावर आम्ही सगळ्या जुन्या मंडळींनी वाचनालयात धाव घेतली. मुलांची पुस्तकं खालच्या फळीवर, हात पोचावा म्हणून, त्यामुळे ती सगळ्यात आधी बुडालेली. साध्या कागदाची काही आम्ही पानापानांत रद्दी घालून पंख्याखाली वाळवली, ती वाचली. गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती, सुरी घालूनही सुटेनात. एक चित्रांचं पुस्तक मुलांना फार प्रिय होतं, त्याच्या फक्त पुठ्ठ्यावरचा हत्ती ओळखू आला. तुमचं कपाट तळघरात आहे असं अनघा म्हणाली. खालची फळी जमिनीपासून वीतभर तरी उचला, आणि पिना मारलेली पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, दमटपणाने पिना गंजतात.

मंदार, तुझी यादी मेहनतीची आहे, ती मोडू नकोस. रंग राहू देत, पण वय नको. स्टोरीवीव्हरवाले पातळी मजकुरावरून ठरवतात, पहिल्या पातळीला अडीचशेच्या आत शब्द. तसंच तू मजकुरावरून लाव आणि कुठला रंग कसला हे मुलांना सांगूच नका, ते शिक्षकांपुरतं ठेवा. लपवायची वेळ येणारच नाही.

राहिली मोठी पुस्तकं. ती मुलांनी एकट्याने वाचावीत हा हट्टच सोडा, ती आपण वाचून दाखवायची. ‘श्यामची आई’ची प्रकरणं म्हणजे एकेक रात्र आहे, श्याम ते सगळं मित्रांना बसून सांगतोय, मुळात ऐकायचंच आहे ते. फास्टर फेणेचंही तसंच. फुरसुंगीच्या बन्याचं बोलणं तुमच्याकडच्या मुलाला वाचताना ठेचकाळायला लावेल, पण कोणी ‘ट्टॉक्’ करून वाचून दाखवलं तर तीच मुलं पुढच्या रविवारी आधी येऊन बसतील. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यात आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वसंतराव, तुमच्या संचाचे आजचे वाचक तुम्ही आहात. तुम्ही वाचा, आणि मुलांना सांगा.

प्रेषक : वसंतकाका
सुनंदाताई, तुम्ही पोटतिडकीने लिहिलंत, दोनदा वाचलं. तरी चरित्रं अजिबात नकोत हे मला मान्य नाही. अनघा, दुकानदार खंड सुटे देतो का विचार. कर्मवीर, सावित्रीबाई आणि महर्षी शिंदे एवढे तीन आण. उरलेले पैसे पातळ पुस्तकांना वापरा. पण मग दर रविवारी शाळा सुटायच्या आधी वीस मिनिटं मला द्या, मी सांगेन, वाचून नाही, तोंडी. कर्मवीरांच्या बोर्डिंगातल्या पोरांना जेवण घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट ऐकताना एक मूल जागचं हलणार नाही.

प्रेषक : शुभदा
काका, वीस मिनिटं नक्की. पंधरा तुम्ही सांगा, पाच मुलांना प्रश्न विचारू द्या, मराठीत.

प्रेषक : रोहित
महर्षी शिंदे म्हणजे विठ्ठल रामजी ना? ते तर जमखंडीचे, सातारचे नव्हेत.

प्रेषक : वसंतकाका
रोहित, सातारचे आहेत म्हणून मागवले नाहीत. १९०६ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढणाऱ्या माणसाचं नाव आपल्या मुलांना माहीत नाही म्हणून मागवले.

प्रेषक : अनघा
दुकानदार खंड सुटे देतोय, थोडे जास्त पैसे लावून. मावशी स्वतः येतायत उद्या चार वाजता माझ्याबरोबर. काटा पण त्यांनीच बघायचा असं ठरलंय. भुताच्या गोष्टींवर कोणाची हरकत असेल तर चारच्या आत सांगा, नंतर नाही.

प्रेषक : मंदार
हरकत नाही. वयाचे आकडे मी यादीतून काढतो, कोणती पातळी कुठे ते शुभदाने सांगावं, मला मराठी मजकुराचं तेवढं कळत नाही. अनघा, प्रत्येक प्रतीची पावतीवर वेगळी नोंद करून घे, चार प्रती एका ओळीत लिहिल्या की दाखल नोंदवहीत घोळ होतो. चावीची दुसरी प्रत रोहितला रविवारी देतो.