वही घरी विसरली तर शाळेत नेऊन द्यायची का?

आई_ऑनड्यूटी: मुलगी चौथीत आहे. काल विज्ञानाची वही टेबलावरच राहिली, मी एका पायात चप्पल घालून निघालेच होते द्यायला, तर नवरा म्हणाला राहू दे, एकदा ओरडा खाऊ दे. थांबले, पण दिवसभर जिवाला चैन नाही. चुकलं का माझं?

गप्पबाबा: नाही ओ. पण संध्याकाळी "सांगत होते ना!" म्हणालात की सगळं मुसळ केरात. उद्या काय करशील एवढंच विचारा आणि गप्प बसा. तेच अवघड असतं, स्वानुभव.

खडूफळा: मी गणित शिकवते. मुलं कशी शिकतात यावर संशोधन करणारे मनू कपूर, त्यांची 'प्रॉडक्टिव्ह फेल्युअर' पद्धत बघा, २००८ पासून त्यावर लिहितायत, म्हणजे रीत सांगायच्या आधीच मुलांना गणिताशी झटू द्यायचं, चुकलं तरी चालेल, शिकवायचं मग, आणि त्यांच्या अभ्यासात अशा मुलांना संकल्पना जास्त पक्की कळली. मी तर चुकलेलं उत्तर खोडूच देत नाही. पण मार्क आले की लपवाछपवी सुरू!

पाहुणा: वही ठीक, चष्मा किंवा औषध विसरली तर मात्र द्यायला जाच.

आई_ऑनड्यूटी: आज वही रात्रीच दप्तरात गेली. डबा धुवायचा तसाच आत 😄