मोठ्या टचस्क्रीन बोर्डांवर पूर्ण विंडोज टाकायचं आहे. कुणी केलंय का?

मीटिंगरूमचा_किल्लीदार (मूळ प्रश्न)

मंडळी, आमच्या मीटिंगच्या खोल्यांमध्ये ५० इंची सरफेस हब २एस (मायक्रोसॉफ्टचे मोठे टचस्क्रीन संगणक) आहेत. त्यांच्यावर विंडोज १० टीम (हबसाठीची खास आवृत्ती) आहे आणि त्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. यंत्रं मात्र ठणठणीत आहेत, काचेवर ओरखडासुद्धा नाही. शिवाय दोन खोल्यांत ८६ इंची अँड्रॉइडवाले पॅनेल आहेत, आणि अडगळीत गेलेला पहिल्या पिढीचा एक ८४ इंची हब.

वरून फर्मान आलंय, "सगळ्यांवर पूर्ण विंडोज टाका, लोकांना आपला नेहमीचा डेस्कटॉप हवाय." विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवून एका हबला लावून पाहिला, दाद देत नाही. नक्की कुठे अडतंय? आणि टाकलंच, तर नंतर पस्तावायची वेळ येते का? ज्यांनी प्रत्यक्ष हात घातलाय त्यांनी सांगा. माहितीपत्रकातलं ज्ञान माझ्याकडे भरपूर आहे.

---

पाना_पक्कड

मी असले बोर्ड बसवतो आणि सांभाळतो, तेव्हा जरा लांबलचक लिहितो.

आधी तिन्ही यंत्रं मनात वेगळी करा, एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. ८४ इंची जुन्या हबवर दुसरं विंडोज टाकायचा नाद सोडा. पण त्याला 'रिप्लेसमेंट पीसी' नावाची सोय आहे. बाहेरचा संगणक डिस्प्लेपोर्ट आणि यूएसबीने जोडायचा आणि स्विच फिरवायचा, की आतला संगणक बाजूला पडतो. पडदा, टच, कॅमेरे, माइक सगळं बाहेरच्याच्या ताब्यात. ८४ इंचीला दोन डिस्प्लेपोर्ट केबल लागतात, एकीवर भागवू नका. एवढं केलंत की तो बोर्ड म्हणजे तुमच्या संगणकाचा भलामोठा टच मॉनिटर, आतलं काय जुनं झालं याची चिंताच नको.

आता हब २एस. पेनड्राइव्ह दाद देत नाही, कारण फर्मवेअरला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, यंत्रातल्याच सॉफ्टवेअरला) अजून परवानगीच दिलेली नाही. ती द्यायची सेमच्या वाटेने, म्हणजे सरफेसची जी एंटरप्राइझ व्यवस्थापनाची पद्धत आहे तिने. एक प्रमाणपत्र बनवायचं, पासवर्ड घातलेली पीएफएक्स फाइल. सरफेसच्या यूईएफआय (म्हणजे तेच फर्मवेअर) कॉन्फिग्युरेटरमध्ये ओएस मायग्रेशनचं बटण चालू करून त्या प्रमाणपत्राच्या सहीने पॅकेज बनवायचं, ते यूएसबीवर घ्यायचं. हब बंद करून आवाज वाढवायचं बटण दाबून धरा आणि पॉवर दाबा, यूईएफआय उघडेल. तिथून पॅकेज बसवा. तेव्हा प्रमाणपत्राच्या थंबप्रिंटची (त्याच्या ओळखक्रमांकाची) शेवटची दोन अक्षरं विचारली जातात, ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. फर्मवेअर फार जुनं असेल तर हा पर्यायच दिसत नाही, म्हणून टीम चालू असतानाच सगळे अपडेट उरकून घ्या. मग आवाज कमी करायचं बटण धरून पॉवर दाबलं की यूएसबीवरून बूट होतं, आणि पुढे नेहमीचं विंडोज सेटअप. शेवटी हब २एसचे ड्रायव्हर आणि फर्मवेअरची एमएसआय (इन्स्टॉलर) फाइल.

यात अडकायला दोन जागा आहेत. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, आणि फॅट३२ ला ४ जीबीपेक्षा मोठी फाइल चालत नाही. आयएसओ उघडून फाइली नुसत्या ओढून टाकल्या तर विंडोजची इन्स्टॉल.विम ही मोठी फाइल हमखास अंगावर येते. डिझम हे विंडोजमधलंच साधन वापरून तिचे तुकडे करा, किंवा मीडिया क्रिएशन टूलनेच पेनड्राइव्ह बनवा. दुसरं म्हणजे, तारेचा कीबोर्ड, तारेचा माउस आणि नेटवर्कची केबल जवळ ठेवा. ड्रायव्हर बसेपर्यंत वायफायच्या भरवशावर राहू नका.

आणि ती पीएफएक्स फाइल तिजोरीत ठेवा! तुमच्या प्रमाणपत्राने फर्मवेअर एकदा कुलूपबंद झालं की उद्या काही बदलायला किंवा ते कुलूप काढायला तेच प्रमाणपत्र लागतं. एका ठिकाणी कंत्राटदाराने बोर्ड बसवले, पैसे घेतले आणि प्रमाणपत्र स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवून निघून गेला. पुढे तो लॅपटॉप फॉरमॅट झाला. बोर्ड चालतात, नाही असं नाही, पण यूईएफआयमध्ये एकही टिचकी मारता येत नाही.

हे झालं टाकायचं. एका दुपारचं काम आहे, त्यात मर्दुमकी काही नाही. तुम्ही पस्ताव्याचं विचारलंत, तो इथून पुढे आहे.

टीममध्ये एक गुण होता, जो कुणाच्या लक्षात यायचा नाही. मीटिंग संपवून 'एंड सेशन' दाबलं की बोर्ड सगळं विसरायचा. फाइली, खाती, ब्राउझरमधलं लॉगिन, सगळं साफ. पूर्ण विंडोज काहीच विसरत नाही. तो वैयक्तिक संगणक आहे, विसरू नये म्हणूनच बनवलेला. एका ऑफिसात मी स्वतः पाहिलंय. सकाळी मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी बोर्डावर आपल्या खात्याने फाइल दाखवली आणि निघून गेल्या. दुपारी त्याच खोलीत पुरवठादारांसोबत बैठक. बोलणी ऐन रंगात आली असताना खाली उजव्या कोपऱ्यात मेलची सूचना आली, कुणाच्या तरी पगारवाढीची, नावानिशी. लॅपटॉपवर ती बोटभर असते. भिंतीवर ती ताटाएवढी झाली, आणि समोर बसलेल्या सगळ्यांनी एकदम आपापल्या वहीत बघायला सुरुवात केली.

म्हणून विंडोज टाकण्याआधी ते विसरणं परत कसं आणायचं ते ठरवा. विंडोजची प्रो आवृत्ती टाकणार असाल तर शेअर्ड पीसी मोड चालू करा. लॉगिनच्या पडद्यावर पाहुण्यांचं खातं येतं आणि साइन-आउट केलं की ते पुसलं जातं. जोडीला काही मिनिटं कुणी हात लावला नाही तर आपोआप साइन-आउट. 'लोक स्वतः करतील' या भरवशावर सोडू नका, करत नाहीत. एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन असेल तर युनिफाइड राइट फिल्टर मिळतो. त्यात डिस्कवरचं सगळं लिखाण तात्पुरत्या जागेत जातं आणि रिस्टार्टला उडून जातं. प्रोमध्ये हा नाही, त्यासाठी शोधाशोध करू नका.

बिटलॉकरचंही, म्हणजे विंडोजच्या डिस्क एनक्रिप्शनचंही बघा. विंडोजचं पहिलं सेटअप कुणाच्या खाजगी मायक्रोसॉफ्ट खात्याने केलंत तर डिस्क एनक्रिप्ट होऊन रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. तो माणूस नोकरी सोडून गेला की गेलं. संस्थेचंच खातं वापरा.

एक तिसरी वाटही आहे. या बोर्डांवर मुख्यतः व्हिडिओ मीटिंगच होणार असतील तर हब २एसला टीम्स रूम्सवर (मायक्रोसॉफ्टच्या मीटिंग-खोल्यांसाठीच्या सॉफ्टवेअरवर) नेता येतं, पुढच्या पिढीचा हब ३ चालतो त्याच धर्तीवर. डेस्कटॉप मिळत नाही, पण विसरण्याची सोय आयती येते. वरच्यांना विचारा, 'नेहमीचा डेस्कटॉप' म्हणजे नेमकं काय हवंय? निम्म्या वेळा उत्तर निघतं, 'एक्सेलची फाइल उघडता यावी.'

---

खडू_ते_स्टायलस

अँड्रॉइड पॅनेलबद्दल मी सांगते, आमचा प्रशिक्षण विभाग त्यावरच चालतो.

पॅनेलच्या आत विंडोज टाकायच्या फंदात पडू नका. आतली चिप एआरएमची, बूटलोडर बंद. करायचंही कारण नाही, कारण अशा पॅनेलला बहुधा मागे किंवा बाजूला ओपीएसची खाच असते. इंटेलने २०१० मध्ये काढलेलं मानक आहे. डब्यासारखं मॉड्यूल, साधारण २०० × ११९ × ३० मिलिमीटर, त्यात अख्खा संगणक. ८० पिनांच्या एकाच जोडणीतून चित्र, यूएसबी आणि वीज तिन्ही जातं. सरकवायचा आणि दोन स्क्रू आवळायचे. अँड्रॉइड जागच्या जागी राहतं, विंडोज एक इनपुट म्हणून दिसतं. काही उत्पादक ओपीएसच्या नावाखाली आपली वेगळीच खाच देतात, तेव्हा मॉड्यूल मागवण्याआधी झाकण उघडून बघा. खाच नसेल तर छोटा पीसी मागे अडकवा, एचडीएमआयने चित्र आणि वेगळ्या यूएसबी केबलने टच. ही दुसरी केबल लोक विसरतात आणि मग 'टच खराब आहे' म्हणून तक्रार येते.

आता खरं दुखणं. ८६ इंची फोर-के पडद्यावर इंचाला साधारण ५१ पिक्सेल पडतात, तुमच्या ५० इंची हबवर ९२ च्या आसपास. विंडोज एवढा मोठा पडदा बघून त्याला टीव्ही समजतं आणि स्केलिंग (अक्षरं-बटणं मोठी दाखवायचं प्रमाण) ३०० टक्के लावून टाकतं. म्हणजे कामाला उरली १२८० × ७२० एवढी जागा, आणि बटणं तळहाताएवढी. लांब सोफ्यावरून बघायला ठीक, पण पडद्यापाशी उभं राहून लिहिणाऱ्याला एक्सेलचे चार रकाने दिसतात. १५० वर आणा. मागच्या रांगेतून कुरकुर आली तर १७५.

विंडोज ११ चा टास्कबार तळाला असतो. भिंतीवर ८६ इंची पडदा म्हणजे तो टास्कबार बऱ्याचदा कमरेखाली जातो. प्रत्येक वेळी स्टार्टसाठी वाकायचं, तेही वर्गाकडे पाठ करून! खिडकी बंद करायची फुली मात्र वरच्या उजव्या कोपऱ्यात, तिथे माझा हात पोचत नाही. उपाय असा काही नाही. पॅनेल थोडं खाली बसवून घ्या, आणि छोटा वायरलेस कीबोर्ड टचपॅडसकट हाताशी ठेवा.

अवरक्त किरणांची चौकट असलेले पॅनेल असतील तर आणखी एक. किरण काचेच्या जरासे वरून जातात, त्यामुळे बोट टेकायच्या आधीच टच लागतो. ओढणी, शर्टाची बाही, बांगडी, सगळ्यांनी क्लिक होतं. डेस्कटॉपवरच्या बारीक बटणांशी हे फार नडतं. व्हाइटबोर्डच्या ॲपमध्ये जास्तीत जास्त एक रेघ उमटते, इथे फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडते.

---

मुक्तस्रोत_पेंग्विन

ओपीएसवाल्या पॅनेलवर लिनक्सही मजेत चालतं, कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. कर्नेलमधला एचआयडी मल्टिटच ड्रायव्हर बहुतेक पॅनेल न सांगता ओळखतो. ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप वेलँडवर (त्याच्या नव्या डिस्प्ले पद्धतीवर) चालवा, पडद्यावरचा कीबोर्ड त्यातच आहे. लिहायला झूरनल++, शिकवायला ओपनबोर्ड. हब २एसवर मात्र हा प्रयोग करू नका, ड्रायव्हरांची वानवा आहे.

दोन पडदे जोडले की टच भलत्याच पडद्यावर उमटतो, हे विंडोजमध्येही होतं. तिथे कंट्रोल पॅनेलमध्ये टॅब्लेट पीसी सेटिंग्ज उघडून सेटअप दाबा आणि तो सांगेल त्या पडद्यावर बोट टेकवा.

---

मीटिंगरूमचा_किल्लीदार

सगळ्यांचे आभार. ती पगारवाढीची गोष्ट जशीच्या तशी वर पाठवली, लगेच फोन आला. आमच्याकडे एंटरप्राइझचा परवाना आहे, म्हणजे राइट फिल्टर लावता येईल. हब डोमेनमध्ये (कंपनीच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या संगणकांच्या गटात) जोडलेले असतील. काही खोडा? आणि एकाच वेळी दोघं बोर्डावर काम करू शकतील ना? टीममध्ये व्हाइटबोर्डवर करायचे.

---

पाना_पक्कड

खोडा आहे, आणि तो महिन्याभराने कळतो. डोमेनमधला संगणक दर ३० दिवसांनी आपला मशीनचा पासवर्ड बदलतो. राइट फिल्टर तो बदलही रिस्टार्टला पुसून टाकतो. मग संगणकाकडे जुना पासवर्ड, सर्व्हरकडे नवा, आणि कुणालाच लॉगिन करता येत नाही. फिल्टरमध्ये डोमेनची गुप्त किल्ली टिकवून ठेवायची सेटिंग आहे, ती चालू करा. किंवा ग्रुप पॉलिसीतून पासवर्ड बदलणंच थांबवा.

तात्पुरती जागा मूळ सेटिंगमध्ये रॅममध्ये असते, १०२४ एमबी. तुमच्या हबमध्ये रॅमच ८ जीबी, तेव्हा फार वाढवायलाही वाव नाही. दिवसभर रिस्टार्ट केलं नाही आणि कुणी मोठे व्हिडिओ उतरवले तर ती भरते आणि यंत्र अडून बसतं. रोज रात्री रिस्टार्टचं काम लावून टाका. अपडेटसाठी फिल्टरचा सर्व्हिसिंग मोड वापरा, नाहीतर तेच अपडेट रोज उतरतील आणि रोज पुसले जातील.

दोघांचं म्हणाल तर व्हाइटबोर्डच्या ॲपमध्ये दोघं अजूनही लिहू शकतात, तिथे प्रश्न नाही. पण डेस्कटॉप एका माणसासाठी घडलाय. एकाने डावीकडे नकाशावर बोट ठेवलं आणि दुसऱ्याने उजवीकडे, की प्रोग्रामला वाटतं एकाच माणसाला दोन बोटांनी झूम करायचंय. कीबोर्डही एका वेळी एकाच खिडकीत टाइप करतो, एकाने दुसरीकडे टच केलं की पहिल्याची अक्षरं तिकडे. लोकांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे 'नवीन विंडोजने टच बिघडवला' अशी ओरड होणार नाही.

---

मीटिंगरूमचा_किल्लीदार

ठरलं मग. एका हबवर एंटरप्राइझ टाकून फिल्टर लावतो आणि महिनाभर तसाच चालवतो, ३० दिवसांची ती भानगड उलटून जाईपर्यंत. बाकीचे हब टीम्स रूम्सवर. अँड्रॉइड पॅनेलची झाकणं उद्या उघडून बघतो.

---

खडू_ते_स्टायलस

खाच सापडली तर पॅनेलच्या माहितीपत्रकात ओपीएसला किती वॅट मिळतात ते बघूनच मॉड्यूल निवडा. तगडा प्रोसेसर घेतला आणि खाचेतून तेवढी वीज मिळाली नाही, तर ऐन कामाच्या वेळी तो बंद पडतो.