कार्पेंटरच्या यादीतून ‘द थिंग’ वगळलाच कसा?

धरमपेठकर
अमेरिकन दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचे माझे आवडते पाच सिनेमे, क्रमाने: ‘हॅलोविन’, ‘अ‍ॅसॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३’, ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’, ‘द फॉग’, ‘स्टारमन’. ‘द थिंग’ मुद्दाम घेतलेला नाही. रबर, रक्त आणि चिकट लाळ, याच्यापलीकडे त्यात काही नाही. १९८२ मध्ये लोकांनी तो नाकारला ते बरोबरच केलं. पुढे त्याला मोठा केला तो व्हिडिओ कॅसेटवाल्या पोरांनी.

इतवारीकर
सकाळी हे वाचलं. दुकान उघडलं, दोन-चार गिऱ्हाइकं केली, तरी डोक्यातून जाईना. म्हणून बसून लिहून राहिलो. त्या कॅसेटवाल्या पोरांतला मी एक.

१९८८ चा मे महिना. नागपुरात, इतवारीतल्या आमच्या गल्लीत एका माडीवर व्हिडिओ पार्लर चालायचं. खिडक्यांना गोधड्या ठोकलेल्या, कूलरच्या टट्ट्या वाळून खडंग झालेल्या, बाहेर डांबराला चप्पल चिकटून राहिलेली. आणि समोरच्या टीव्हीवर अंटार्क्टिका, तिथल्या अमेरिकन तळावर शिरलेला परग्रहावरचा प्राणी, जो कुणाचंही हुबेहूब रूप घेतो. आम्हा पोरांना इंग्रजी येत नव्हतं आणि खाली अक्षरंही येत नव्हती. सुरुवातीलाच एक नॉर्वेजियन माणूस कुत्र्याच्या मागे बंदूक घेऊन धावतो आणि काहीतरी ओरडतो. तो काय ओरडतो ते मला खूप वर्षांनी कळलं. हा कुत्रा नाही, याच्यापासून दूर व्हा, हेच तो सांगत असतो. अमेरिकनांना त्याची भाषा येत नाही. ते त्यालाच गोळी घालतात आणि कुत्र्याला आत घेतात. कार्पेंटरनं अख्खी गोष्ट पहिल्या काही मिनिटांत सांगून टाकली आहे, पण ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत. तळावरची ती बारा माणसं आणि इतवारीतली आम्ही पोरं, त्या क्षणी एकाच जागी बसलो होतो. एवढ्या विचारानं रचलेल्या सिनेमाला तुम्ही लाळ म्हणता?

आता रबराचं. माणूस कोण आणि तो प्राणी कोण हे ओळखायला घेतलेल्या रक्ताच्या परीक्षेचं दृश्य आठवा. एकेकाचं रक्त बशीत, नायक मॅकरेडीच्या हातात तापवलेली तार. तार बुडते, चुर्र आवाज येतो, काही होत नाही. पुढचा माणूस. पुन्हा चुर्र. आम्ही श्वास धरून बसलो होतो तो त्या आवाजासाठी. रबर नंतर येतं. आणि ते करणारा रॉब बॉटिन तेव्हा जेमतेम बाविशीचा होता. त्यानं इतकं राबून घेतलं की शेवटी दवाखान्यात भरती व्हावं लागलं. कुत्र्याचं एक काम तर स्टॅन विन्स्टन या दुसऱ्या कारागिराला द्यावं लागलं.

आणि लोकांनी नाकारला म्हणता, तर तारखा पाहा. ११ जूनला ‘ई.टी.’ आला. ज्या उन्हाळ्यात सगळ्यांना गोड परग्रहवासी हवा होता, त्याच उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी, २५ जूनला, हा आला. त्याच दिवशी ‘ब्लेड रनर’ही आला आणि तोही पडला. मग तोही टाकाऊ का?

महालकर
‘हॅलोविन’ला पहिला नंबर देताना संगीताचा उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं. मी तबला शिकवतो. ती धून पाचाच्या ठेक्यात आहे. कार्पेंटरचे वडील संगीताचे प्राध्यापक, त्यांनी त्याला लहानपणी बोंगोवर हा ठेका शिकवला. दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, मोजली तर दहा होतात, पण आपल्या दहा मात्रांच्या झपतालासारखे २-३-२-३ नव्हेत. ३-३-२-२ असे पडतात. त्यामुळे पाय टेकायला जागाच मिळत नाही. विद्यार्थ्यांना हाताने टाळी देऊन करून पाहायला सांगतो, सगळे चुकतात.

धरमपेठकर
इतवारीकर, तुमची आठवण चांगली आहे, पण तुम्ही पार्लरमध्ये जो पाहिला तो कार्पेंटरचा सिनेमाच नव्हता. तो आणि त्याचा छायालेखक डीन कंडी रुंद पडद्यासाठी चित्र बांधायचे. कॅसेटवर टीव्हीच्या मापात बसवायला दोन्ही बाजू कापायचे, चाळीस टक्क्यांच्या वर चित्र जायचं. ‘हॅलोविन’मध्ये मुखवटेवाला खुनी मायकल कडेला, अर्धवट धूसर उभा असतो. कडच कापली तर भीती उरली कुठे? बालपणाचा ओलावा वेगळा आणि सिनेमाची पारख वेगळी.

सदरवाला
कापलेल्या चित्रावर बोलायचं तर मला बोलू द्या. माझे वडील टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. मी केबिनमध्ये वाढलो, प्रोजेक्टरच्या कार्बनच्या धुरात. स्कोपची, म्हणजे रुंद पडद्याची, रिळं आली की लेन्स बदलायची, बाजूचे काळे पडदे सरकवायचे. बाबा दोन्ही करायचे. पण शहरातल्याच दुसऱ्या एका टॉकीजमध्ये पडद्याची गरारी महिनोन्‌महिने अडकलेली होती, मालकानं दुरुस्त केली नाही. चित्राच्या दोन्ही कडा काळ्या कापडावर पडायच्या आणि दिसायच्या नाहीत. बाल्कनीत बसून जास्त पैसे मोजणाऱ्यांनीही तेच अर्धं चित्र पाहिलं. तेव्हा कापलेला सिनेमा फक्त इतवारीच्या पोरांनीच पाहिला, असं सांगू नका. आज मॉलमध्ये पाहतो तर दिवा इतका मंद की रात्रीच्या दृश्यात माणूस ओळखू येत नाही. तक्रार केली तर पोरगा म्हणतो, सर, पिक्चरच तसा आहे.

धरमपेठकर
विषय टॉकीजच्या गरारीचा नाही.

सदरवाला
विषय तुम्हीच काढला! कडा कापल्या म्हणून पारख खोटी, हे तुमचं म्हणणं. मग चाळीस वर्षांतल्या निम्म्या प्रेक्षकांना बाद करा. माझ्या बापानं रात्री दीडला शेवटचा शो संपवून सायकलनं घरी यायचं, ते पडद्यावर चित्र नीट पडावं म्हणून. त्या कामाची किंमत तुम्हाला नाही, फक्त हक्क दाखवायचा आहे.

इतवारीकर
बरोबर. धरमपेठेत बसून कोणी कुठला सिनेमा खरा पाहिला ते ठरवू नका. आमच्याकडे दोन रुपये होते, त्यात जे मिळालं ते पाहिलं.

धरमपेठकर
माझ्या पत्त्यावर घसरायची गरज नाही. माझे वडील शिक्षक होते, दोन खोल्यांत राहायचो, टीव्ही शेजाऱ्यांचा पाहायचो.

प्रतापनगरची
भांडणात मध्ये बोलते. मी धरमपेठकरांच्या बाजूची, पण कारण माझं वेगळं आहे. ‘हॅलोविन’ कार्पेंटरनं डेब्रा हिलसोबत लिहिला. निर्मितीही तिची. त्या मुली शाळेतून घरी येताना जशा बोलतात, तसं बाईच लिहू शकते. दहावीत ट्यूशन संपायची आणि लोडशेडिंग सुरू व्हायचं. सायकल हातात धरून मी रोज एका वळणावरून यायचे. तिथे एक माणूस उभा असायचा. नुसता उभा. काही बोलला नाही, कधी पुढे आला नाही. घरी सांगितलं तर म्हणाले, मग त्यानं केलं काय? सिनेमातल्या लॉरीला दिवसाढवळ्या रस्त्यात मायकल कुंपणाशी उभा दिसतो, तेव्हा तिचंही कोणी ऐकत नाही. सुमारे तीन लाख डॉलरमध्ये, वसंत ऋतूत शूटिंग करून, रंगवलेली पानं पसरून पानगळ उभी केली आणि माझा रस्ता त्यात आला.

इतवारीकर दादा, तुमच्या ‘थिंग’मध्ये त्या तळावर एकही बाई नाही. बाईचा आवाज आहे तो बुद्धिबळाच्या कॉम्प्युटरचा, आणि मॅकरेडी हरला की त्यात दारू ओततो.

इतवारीकर
ताई, ते कॉम्प्युटरचं मी कधी असं पाहिलंच नव्हतं. तुमचं वळण वाचून हात थांबला. ‘हॅलोविन’ पहिला म्हणालात तर तुमच्याशी वाद घालणार नाही. पण तुमच्या त्या माणसाला तुम्ही निदान पाहू शकत होता. ‘थिंग’मध्ये शेजारी बसून जेवणारा कोण आहे, तेच कळत नाही. मला दुसरी भीती जास्त लागते. भावांत वाटणी झाली तेव्हा एका ताटात जेवलेली माणसं कशी परकी होतात ते मी पाहिलं आहे.

आणि धरमपेठकर, एक कबूल करतो. मुलानं मागच्या वर्षी पूर्ण रुंदीचा ‘थिंग’ दाखवला. रक्ताच्या दृश्यात तिघं एकाच सोफ्याला बांधलेले आहेत. एकाचं रक्त उसळतं आणि बाकी दोघं त्याच्याच शेजारी जखडलेले, सुटायला तडफडतात. कॅसेटमध्ये मला तिघं एकत्र कधी दिसलेच नव्हते. एकटाच दिसायचा. म्हणजे कडांचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्यातून सिद्ध काय होतं? अर्धा पाहूनही ज्यानं झोप उडवली, तो पूर्ण पाहिल्यावर वाढला. तुमचा ‘फॉग’ पूर्ण पाहा नाहीतर अर्धा. कार्पेंटरलाच त्याची पहिली जुळणी (एडिटिंग) पटली नव्हती, नंतर दृश्यं शूट करून घातली.

सदरवाला
सोफ्याचं लिहिलंत, बरं वाटलं. बाबांना वाचून दाखवलं.

धरमपेठकर
सोफ्याचं दृश्य काल रात्री पुन्हा पाहिलं. तिघांना एका चौकटीत ठेवणं हे दिग्दर्शकाचं काम आहे, रबराचं नाही, एवढं मानतो. ‘फॉग’ काढणार नाही. ‘स्टारमन’ खाली गेला. पाचवा ‘द थिंग’. याच्या वर नाही.

इतवारीकर
पाचवा? उद्या दुकान बंद आहे. सकाळीच लिहितो.