शिकायच्या आधीच स्वतःचं विमान घ्यावं का?

दिंडोरीकर:
नमस्कार मंडळी. वय ४४, द्राक्षाची बाग आहे. ओझरवरून उठणारी विमानं बघतच मोठा झालो, आता स्वतः उडवायचंच ठरवलंय. ओळखीतले एक जण दोन सीटचं सेसना १५२ विकतायत. तीन वर्षं हँगरमध्ये उभं आहे, पण इंजिन फक्त ९०० तास चाललंय म्हणतात. फ्लाइंग क्लबला तासावर पैसे भरण्यापेक्षा हेच घेऊन त्यावर शिकलो तर? घरचे तयार आहेत, आईसुद्धा.

सिडको_नाशिक:
दादा, आई तयार आहे याचाच मला जास्त आनंद झाला. पण हे विमान आत्ता घेऊ नका.

९०० तास ऐकायला छान वाटतं, कारण या इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उकलून दुरुस्ती, २,४०० तासांच्या आसपास येतं. खरा प्रश्न त्या तीन वर्षांचा आहे. यातल्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या अंगाला असतो. इंजिन बंद राहिलं की ऑइल खाली उतरतं आणि वरचं लोखंड उघडं पडून गंजतं. आम्हा तिघांचं भागीदारीतलं विमान एका पावसाळ्यात अडीच महिने उभं राहिलं. नंतर ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या, तर आत चांदीच्या वर्खासारखा चुरा. बोटाला चिकटला तो. इंजिन उतरवावं लागलं, वर्ष गेलं. तीन वर्षं उभ्या इंजिनाचं तर आतून बघितल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

आणि शिकवणी तशीही डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवरच्या सरकारी खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेतच घ्यावी लागते. खासगी लायसन्सला किमान ४० तास लागतात. ते क्लबच्या विमानावर काढा. त्याचं ऑइल, टायर, तपासणी सगळं त्यांच्याकडे. तुम्ही फक्त उडायला शिका. विमान नंतर घ्या, मी स्वतः बघायला येईन.

मेडिकलवाला:
पैसे कुठंही भरण्याआधी क्लास २ मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, करून घ्या, आणि डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडूनच. माझा त्यात रक्तदाब निघाला आणि सहा महिने थांबावं लागलं.

दिंडोरीकर:
मेडिकल करतो. खरड छाटणी उरकली की मेमध्ये दुपारी मोकळा असतो, तेव्हा उडायला शिकणं जमेल का?

सिडको_नाशिक:
मेची दुपार नको. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून २,००० फुटांच्या जवळपास. पारा ४० वर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं होतं. ११० अश्वशक्तीचं इंजिन, दोन माणसं, भरलेली टाकी: धावपट्टी सरत जाते आणि चाकं सुटत नाहीत. मी शिकलो ते धुळं उंचीला कमी, पण ऊन तिथंही तसंच. सकाळी सहा ते नऊ, एवढीच वेळ धरा.

मी या शनिवारी धुळ्याला जातोय. पहाटे चारला पिंपळगावच्या टोलनाक्यावर थांबा, तुम्हाला घेतो. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेत काढतात. निळं पेट्रोल, आणि त्यात पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब दिसतो. ते आधी तुमच्या हातानं करून बघा.