आंब्याच्या पानांवर बारीक गाठी आल्यात, परत औषध मारू काय?

परडेकर_खानापूर:
परड्यात आज्जीनं लावलेलं रायवळ आंब्याचं झाड हाय. यंदा पालवी फुटली आणि थोड्या दिवसात निम्म्या पानांवर मोहरीएवढ्या कडक गाठी आल्या, हात फिरवला की खरखरीत लागतंय. दुकानात बुरशी म्हणून औषध दिलं, दोनदा फवारलं, काहीच फरक नाही. झाड जाईल काय? आईचा जीव नुसता खालीवर होतोय.

बागवाला:
दादा, ही बुरशी न्हवं, मिजमाशी. डासापेक्षा बारीक असती, एक-दोन मिलिमीटर. मादी कोवळ्या पानात अंडी घालती, अळी आत शिरती आणि झाडच तिच्याभोवती गाठ बांधतं, म्हणजे राहायचं घर तेच आणि खाणं पण तेच, मग वरून मारलेलं बुरशीचं औषध काय करणार. ब्लेडनं गाठ कापून बघा. गाठीला टाचणीएवढं भोक असलं तर आतलं उडून गेलं समजा. आलेल्या गाठी काही जात नाहीत, पण एवढ्यानं मोठं झाड मरत नाही, आईंना सांगा. लई भरलेले शेंडे तेवढे छाटून जाळा.

भातवाला_जांबोटी:
आपल्याकडं भातात गादमाशी येती की, पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी होतो आणि त्याला लोंबी येत नाही, ती ह्याच कुळातली. तिथं खरं नुकसान.

किडेप्रेमी_बेळगाव:
अमेरिकेत हिकरी म्हणून अक्रोडाच्या कुळातलं झाड हाय, त्याच्या पानांवर ह्याच कुळातल्या माश्यांच्या कितीतरी जाती गाठी करतात, कुणाची गोल, कुणाची टोकदार, कुणाची केसाळ, गाठ बघून माशीची जात ओळखतात. मला हे लई भारी वाटतं.
आणि दादा, सरसकट कीटकनाशक नको. मी गाठीची पानं बरणीत ठेवून वर फडकं बांधलं होतं, तर माश्यांपेक्षा बारीक चकचकीत गांधीलमाश्याच जास्त निघाल्या. त्या ह्या अळ्यांवरच वाढतात, फवारलं तर आधी त्या मरतील.

परडेकर_खानापूर:
आत्ता आईला समोर बसवून सात-आठ गाठी कापल्या. चारात पिवळट अळी होती, तिळापेक्षा लहान, उजेडात आल्यावर वळवळायला लागली. बाकीच्या रिकाम्या, बाजूला भोक. औषधाची बाटली माळ्यावर टाकली. उद्या शेंडे छाटतो आणि थोडी पानं बरणीत ठेवतो, काय निघतंय ते इथंच सांगतो.