मदत हवी आहे: क्रायोजेनिक विंड टनेलमधल्या बॅलन्सबद्दल

नमस्कार मंडळी, एम.टेक.च्या सेमिनारसाठी जर्मनीतल्या कोलोनच्या युरोपियन ट्रान्सॉनिक विंड टनेलबद्दल वाचतोय. तिथे विमानाचं छोटं मॉडेल वायूच्या झोतात ठेवून तपासतात, आणि हवेऐवजी नायट्रोजन फिरवतात. द्रव नायट्रोजन फवारून तो 110 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 163 अंश सेल्सिअसपर्यंत गार करतात. एवढा खटाटोप कशासाठी, ते पटलंय. गार वायूची घनता वाढते, चिकटपणा घटतो, त्यामुळे छोट्या मॉडेलवरही खऱ्या विमानाचा रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहातल्या जडत्वाचं चिकटपणाशी गुणोत्तर) गाठता येतो. मला सगळ्यात आवडलं ते हे की दाब आणि माख नंबर (वेगाचं ध्वनीच्या वेगाशी गुणोत्तर) तोच ठेवून नुसतं तापमान उतरवलं, तर डायनॅमिक प्रेशर, म्हणजे वेगामुळे येणारा आणि मॉडेलवरचा भार ठरवणारा दाब, बदलत नाही. म्हणजे पंख वाकण्याचा परिणाम आणि रेनॉल्ड्सचा परिणाम वेगळे काढता येतात.

गाडी अडलीय मॉडेलच्या पोटातल्या स्ट्रेन गेज बॅलन्सपाशी, म्हणजे धातू किती ताणला ते गेजने मोजून मॉडेलवरचा भार सांगणाऱ्या उपकरणापाशी. त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा गार राहिलं, तर धातू असमान आकसणार आणि भार नसतानाही गेज आकडा दाखवणार. ड्रॅगमध्ये (वायूच्या विरोधात) तर एक काउंट, म्हणजे ड्रॅग कोएफिशंटमध्ये 0.0001 इतका फरकही महत्त्वाचा! मग बॅलन्स हीटरने एकसारखा ऊबदार ठेवतात, की गार होऊ देऊन त्याच तापमानाला कॅलिब्रेट करतात? अशा मापनावर कुणी काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.